एका शस्त्रवैद्याचे राजकारण



या व्यासपीठावर पंडित बोलून गेले, प्राध्यापक बोलून गेले, नामवंत डॉक्टरही बोलून गेले. मी कामगार युनियनचा माणूस. शाळेचा आणि माझा संबंध सातव्या इयत्तेत सुटला. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, लेबर कोर्टाच्या ओसरीवर आणि नगर वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा मी वैद्यकशास्त्रावर बोलणार नाही. तो माझा अधिकार नव्हे. मी बोलणार आहे ते वैद्यकाचा धंदा करणारा माणूस राजकारणात का जातो, आणि गेल्यावर त्याच्या हातून काय होते, याविषयी.

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. घाटकोपरला दवाखाना चालवणारे डॉ. दत्ता सामंत दगडखाणीतील मजुरांना औषध देता देता त्यांच्या मजुरीचा हिशेब विचारू लागले आणि कामगार-पुढारी झाले. १९८२ चा मुंबईचा गिरणी संप त्यांच्या नावाने ओळखला जातो. १९८४ साली ते लोकसभेवर निवडून गेले आणि १९९७ च्या जानेवारीत त्यांची हत्या झाली. त्यांच्याविषयी लोकांची मते टोकाची आहेत. आमच्या पिढीच्या मनात तो विषय अजून थंड झालेला नाही, आणि गरम लोखंडावर हात ठेवून विचार करता येत नाही. म्हणून मी आज पुष्कळ दूरचे उदाहरण घेतले आहे. लंडन शहरात थॉमस वेक्ली नावाचा एक शस्त्रवैद्य दोनशे वर्षांपूर्वी होऊन गेला. आपल्या देशात त्याचे नाव फारसे कोणाला ठाऊक नाही. परंतु त्याने काढलेले ‘लान्सेट’ हे साप्ताहिक आजही निघते आणि जगातील डॉक्टर ते वाचतात. लान्सेट म्हणजे नस्तर, गळू फोडण्याचे लहान धारदार हत्यार. नावावरूनच माणसाचा स्वभाव ध्यानात यावा.

वेक्लीचा जन्म १७९५ साली इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील मेंबरी या खेड्यात, शेतकरी घरात झाला. अकरा भावंडांत तो सर्वांत धाकटा मुलगा. त्या काळी इंग्लंडात वैद्यकाच्या धंद्याला तीन पायऱ्या होत्या. सर्वांत वर फिजिशियन. तो विद्यापीठातून आलेला, लॅटिन जाणणारा, रोग्याची नाडी पाहून औषध लिहून देणारा. त्याच्याखाली सर्जन, म्हणजे शस्त्रवैद्य. हा हातांनी काम करणारा. १७४५ पर्यंत लंडनचे शस्त्रवैद्य आणि न्हावी एकाच पंचायतीत मोडत असत. त्यांच्या स्वतंत्र रॉयल कॉलेजला राजाची सनद मिळाली ती १८०० साली. सर्वांत खाली अपॉथेकरी, औषधे कुटून विकणारा. गोरगरिबांचा खरा डॉक्टर हाच. वेक्लीने आरंभी टाँटन या गावी अशाच एका अपॉथेकरीकडे उमेदवारी केली. १८१५ साली तो लंडनला आला, तेथील रुग्णालयांतून आणि एका खाजगी शरीरविच्छेदन शाळेतून शिकला आणि १८१७ साली शस्त्रवैद्याची परीक्षा उतरला.

१८२० साली त्याचे लग्न झाले. सासरा सधन व्यापारी होता. त्याच्या साहाय्याने वेक्लीने लंडनच्या भारी वस्तीत दवाखाना थाटला. येथपर्यंतची कथा कोणाही होतकरू डॉक्टरची असावी तशी आहे. पण त्याच वर्षी १ मे रोजी मंत्रिमंडळाचा खून करण्याचा कट केल्याच्या आरोपावरून लंडनमध्ये पाच जणांना जाहीरपणे फाशी देऊन नंतर त्यांची शिरे कापण्यात आली. शिरे कापणाराने तोंडावर बुरखा घेतला होता, आणि त्याचा सुरी चालवण्याचा सराव पाहून तो कोणी शस्त्रवैद्य असावा अशी बोलवा उठली. ती अफवा कशी कोण जाणे वेक्लीवर आली. २७ ऑगस्टच्या रात्री काही माणसांनी त्याला घरात गाठून जखमी केले आणि घराला आग लावली. घर गेले, दवाखाना गेला. विमा कंपनीने पैसे देण्याचे नाकारले. उलट आग यानेच लावली असा आळ घेतला. वेक्ली कोर्टात गेला आणि १८२१ साली खटला जिंकला. पण तोवर रोगी पांगले होते. ज्याचे काही चुकले नाही अशा माणसाला आपला निरपराधीपणा सिद्ध करण्यासाठी पदरमोड करावी लागते, हा धडा तो तेथे शिकला असावा, असे मला वाटते.

याच सुमारास विल्यम कॉबेट या निर्भीड पत्रकाराशी त्याची ओळख झाली, आणि ५ ऑक्टोबर १८२३ रोजी ‘लान्सेट’चा पहिला अंक निघाला. किंमत सहा पेन्स. त्या काळी मोठ्या सर्जनांची व्याख्याने ऐकण्यासाठी विद्यार्थ्यांना जबर फी भरावी लागे. वेक्लीने ती व्याख्याने उतरवून घेऊन छापण्यास आरंभ केला. सर अॅस्टली कूपर या विख्यात शस्त्रवैद्याने त्याला फारसा विरोध केला नाही. अॅबर्नेथी या दुसऱ्या मोठ्या सर्जनाने मात्र कोर्टातून मनाईहुकूम आणला. तो काही काळ टिकला आणि अखेर उठला. फीच्या भिंतीआड ठेवलेली विद्या खेड्यापाड्यांतील डॉक्टरांपर्यंत सहा पेन्सांत पोहोचू लागली. मला हे काम फार मोठे वाटते. आमच्यासारख्या ज्यांनी वाचनालयाच्या वर्गणीवर आपले शिक्षण केले, त्यांना त्याची किंमत सांगावी लागत नाही.

पुढचे पाऊल अधिक धोक्याचे होते. रुग्णालयांत होणाऱ्या शस्त्रक्रियांचे वृत्तांत वेक्ली छापू लागला. कोणत्या सर्जनाने कोणाला कापले, किती वेळ लागला, रोगी जगला की मेला, सर्व नावानिशी. लंडनची मोठी रुग्णालये धर्मादाय होती. तेथील सर्जनाला पगार नसे, पण त्या जागेमुळे श्रीमंत रोगी आणि फी देणारे विद्यार्थी मिळत. त्यामुळे या जागा सोन्याच्या खाणी होत्या, आणि त्या नातलगांना व पैसे भरून राहिलेल्या उमेदवार-शिष्यांना वाटल्या जात. वर रॉयल कॉलेजचे कार्यकारी मंडळ तहहयात असे, आणि रिकामी झालेली जागा मंडळातील लोकच भरीत. साध्या सभासदांना मत नव्हते. कोण सर्जन होणार हे ठरवणारे तेच, परीक्षा घेणारे तेच, रुग्णालयात नेमणूक मिळवणारेही तेच.

ही घराणेशाही रोग्याच्या अंगावर कशी येते, याचे एक उदाहरण १८२८ च्या मार्चमध्ये घडले. ससेक्समधील स्टीफन पोलार्ड नावाचा मजूर मूतखड्याच्या दुखण्याने गाय्ज रुग्णालयात आला. भूल देण्याचे औषध अजून निघाले नव्हते. लंडनमध्ये इथर आले ते १८४६ च्या अखेरीस. रोग्याला बांधून ठेवून, जाणतेपणी, ही शस्त्रक्रिया करीत. म्हणून चांगल्या सर्जनाची परीक्षा त्याच्या वेगावर होई, आणि सरावलेला हात ती पाच-सहा मिनिटांत उरकी. येथे सर्जन होता ब्रॅन्स्बी कूपर, सर अॅस्टली कूपर यांचा पुतण्या. त्याला जवळजवळ एक तास लागला. एकामागून एक हत्यारे बदलली गेली, आणि तो मजूर दुसऱ्या दिवशी मेला. ‘लान्सेट’ने सर्व हकीकत छापली, आणि हा मनुष्य त्या जागेवर बसला तो हाताच्या कौशल्याने नसून काकाच्या नावाने बसला, असे स्पष्ट लिहिले. कूपरने अब्रुनुकसानीचा दावा लावून दोन हजार पौंड मागितले. वेक्लीने आपली बाजू स्वतःच मांडली. डिसेंबरमध्ये निकाल लागला. भरपाई शंभर पौंड. म्हणजे कायद्याने वेक्ली हरला, पण ज्युरीने त्या अब्रूची किंमत मागणीच्या विसाव्या हिश्श्यावर आणून ठेवली. त्याचा खर्च लोकांनी वर्गणी काढून भरला.

येथे एक शंका प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. कोणत्याही सर्जनाच्या हातून एखादा रोगी दगावतो. त्याचे नाव चव्हाट्यावर आणणे न्याय्य आहे काय? वेक्लीची भाषा बोचरी होती, पुष्कळदा क्रूरही होती, आणि ब्रॅन्स्बी कूपर हा काही दुष्ट मनुष्य नव्हता. तरीही माझे मत वेक्लीच्या बाजूने पडते. कारण त्या काळी दुसरी कोणतीही दाद नव्हती. पोलार्डची बायको कोठे जाणार होती? ज्या मंडळाकडे तक्रार करावयाची, त्या मंडळात काका बसलेला. जेथे आतले दार बंद असते, तेथे रस्त्यावर उभे राहून ओरडणे एवढाच मार्ग उरतो.

परंतु ओरडून किती होते, हेही वेक्लीच्या ध्यानात येत चालले होते. १८३१ साली कॉलेजच्या एका सभेत तो नौदलाच्या सर्जनांची बाजू मांडण्यास गेला असता त्याला पोलिसांकरवी बाहेर काढण्यात आले. कॉलेजची सनद पार्लमेंटच्या हाती, धर्मादाय कायदा पार्लमेंटच्या हाती, मृत्यूच्या चौकशीचा कायदाही पार्लमेंटच्याच हाती. तेव्हा वेक्ली पार्लमेंटकडे वळला. त्याच्या राजकारणाचे मूळ एवढे साधे आहे. महत्त्वाकांक्षा नव्हती असे मी म्हणत नाही. ती होती, आणि भरपूर होती. पण त्या महत्त्वाकांक्षेला दिशा मिळाली ती शस्त्रक्रियेच्या टेबलावरून.

लंडनमधील फिन्स्बरी या मतदारसंघातून तो १८३२ साली उभा राहिला आणि पडला. १८३४ साली पुन्हा पडला. १८३५ च्या जानेवारीत निवडून आला आणि पुढे १८५२ पर्यंत, सतरा वर्षे, सभासद राहिला. हे किती अवघड होते ते समजण्यासाठी त्या वेळचे नियम ध्यानात घ्यावे लागतात. शहरात दहा पौंड भाड्याच्या घरात राहणाऱ्या पुरुषालाच मत. मत गुप्त नव्हते. मालकासमोर, दुकानदारासमोर, मोठ्याने सांगावे लागे. गुप्त मतदान आले १८७२ साली. उमेदवाराजवळ ठराविक उत्पन्नाची मालमत्ता असली पाहिजे ही अट १८५८ पर्यंत होती, आणि सभासदाला पगार मिळू लागला तो १९११ साली. म्हणजे गरिबांची बाजू मांडणाराने स्वतः गरीब असता कामा नये, अशी कायद्याची योजना. वेक्लीला ‘लान्सेट’चे उत्पन्न होते म्हणून तो उभा राहू शकला. दिवसा साप्ताहिक आणि रात्री पार्लमेंट, असा त्याचा क्रम होता.

आता मी माझ्या धंद्याच्या गोष्टीकडे येतो. डॉर्सेट परगण्यात टॉलपडल नावाचे खेडे आहे. तेथील शेतमजुरांची आठवड्याची मजुरी नऊ शिलिंगांवरून आठ, आठावरून सात अशी उतरली, आणि ती सहा होणार असे कानावर आले. १८३३ साली त्यांनी आपली संघटना बांधली. जॉर्ज लव्हलेस हा त्यांचा पुढारी. संघटना बांधणे हा तेव्हा गुन्हा नव्हता. तशी मनाई करणारा कायदा १८२४ साली रद्द झाला होता. मग सरकारने जुनी पेटी उघडली. नौदलातील बंडाच्या वेळी, १७९७ साली, बेकायदा शपथ देण्याविरुद्ध कायदा झाला होता. या मजुरांनी संघटनेत येताना शपथ घेतली एवढ्यावरून तो कायदा लावून १८३४ च्या मार्चमध्ये सहा जणांना सात वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा ठोठावली आणि त्यांना ऑस्ट्रेलियाकडे पाठवून दिले. २१ एप्रिल रोजी लंडनमध्ये कामगारांचा प्रचंड मोर्चा निघाला. सरकार हलले नाही.

निवडून येऊन सहा महिनेही झाले नाहीत तोच, २५ जून १८३५ रोजी, वेक्लीने या सहा जणांच्या सुटकेचा ठराव पार्लमेंटात मांडला. तो अडीच तास बोलला. मते पडली ठरावाच्या बाजूने ८२ आणि विरुद्ध ३०८. आकड्यांत हा साफ पराभव आहे. पण त्याच वर्षी पार्लमेंटच्या चौकशीत ऑरेंज नावाच्या प्रतिष्ठितांच्या गुप्त मंडळांचे प्रकरण बाहेर आले. त्यांतही दीक्षा आणि शपथा, आणि त्यांचा प्रमुख खुद्द राजाचा भाऊ. मजुराची शपथ बंड ठरते आणि राजबंधूच्या मंडळाची चालून जाते, याचे उत्तर सरकारला देता येईना. १८३६ च्या मार्चमध्ये सहाही जणांना बिनशर्त माफी मिळाली. जॉर्ज लव्हलेस १८३७ साली परतला, चौघे १८३८ साली आणि शेवटचा जेम्स हॅमेट १८३९ साली. एका वेक्लीमुळे हे झाले असे मी म्हणणार नाही. हजारो कामगारांच्या सह्या, मोर्चे आणि वर्गण्या त्यामागे होत्या. पण कामगारांचा आवाज सभागृहाच्या दारापर्यंत पोहोचतो. तो आत नेण्यास कोणीतरी आत असावा लागतो. आपल्याकडे कामगार संघटनांना मान्यता देणारा कायदा १९२६ साली झाला. त्याच्या वंशावळीत टॉलपडलचे ते सहा शेतमजूर आहेत, आणि त्यांचे वकीलपत्र ज्याने घेतले तो वकील नव्हता, शस्त्रवैद्य होता.

यापुढील त्याचे काम पाहिले म्हणजे वैद्यक आणि राजकारण यांची सांगड कशी बसते ते स्पष्ट होते. १८३४ साली इंग्लंडात गरिबांच्या मदतीचा नवा कायदा झाला. मदत हवी असेल तर घर सोडून अनाथगृहात राहावयाचे, तेथे नवरा एका बाजूला, बायको दुसऱ्या बाजूला, आणि अन्न व काम असे की कोणाला तेथे यावेसेच वाटू नये. वेक्लीने या कायद्याशी उभा दावा मांडला. १ ऑगस्ट १८४५ रोजी त्याने पार्लमेंटात विचारले की, अँडोव्हर येथील अनाथगृहात खतासाठी हाडे कुटण्याच्या कामावर लावलेली माणसे त्या हाडांना लागलेले मांस आणि आतील मगज भुकेपोटी खातात, हे खरे काय? चौकशी झाली आणि ते खरे निघाले. १८४६ साली पार्लमेंटची समिती बसली आणि १८४७ साली त्या खात्याचे जुने आयुक्तमंडळ बरखास्त करून नवे मंडळ नेमण्यात आले.

१८३९ साली वेक्ली पश्चिम मिडलसेक्सचा कॉरोनर म्हणून निवडून आला. कॉरोनर म्हणजे संशयास्पद मृत्यूची ज्युरीसह चौकशी करणारा अधिकारी. मुंबईकरांना हे नाव परिचित आहे. मुंबई आणि कलकत्ता या शहरांसाठी १८७१ साली तसा कायदा झाला होता आणि मुंबईचे कॉरोनर कोर्ट १९९९ पर्यंत चालू होते. इंग्लंडात हे काम तोपर्यंत बहुधा वकील करीत. वेक्लीचे म्हणणे असे की, माणूस का मेला हा प्रश्न आधी वैद्यकाचा आहे, कायद्याचा नंतर. चौकशीत डॉक्टरच्या साक्षीला फी मिळावी म्हणून त्याने १८३६ साली कायदा करवून घेतला होता. साक्षीला एक गिनी, शवचिकित्सा केली तर दोन गिनी. ही रक्कम क्षुल्लक वाटेल. परंतु फी नसे तेव्हा शवचिकित्सा होत नसे, आणि शवचिकित्सा न होता मनुष्य ‘परमेश्वराच्या इच्छेने’ मेला असे लिहून मोकळे होता येई.

अशाच एका प्रकरणात हेंडन येथील अनाथगृहातील म्हातारा उकळत्या पाण्याच्या हंड्यात पडून मेला आणि चौकशीशिवाय पुरला गेला. वेक्लीने प्रेत उकरून काढण्याचा हुकूम दिला. हे प्रेत त्याचेच कशावरून, अशी अधिकाऱ्यांनी हरकत घेतली. तेव्हा, हे त्याचे नसेल तर तुम्ही एकंदर किती माणसे उकळलीत ते सांगा, असे वेक्लीने विचारल्याचे सांगतात. १८४० साली त्याच्या एका चौकशीत ज्युरीत बसलेला एक गृहस्थ म्हणजे कादंबरीकार चार्ल्स डिकन्स. आईवर बालहत्येचा आळ असलेली ती चौकशी होती, आणि डिकन्सने त्या गरीब मोलकरणीची बाजू उचलून धरली होती.

सर्वांत गाजली ती १८४६ सालची चौकशी. फ्रेडरिक व्हाइट नावाच्या घोडदळाच्या शिपायाला हाउन्स्लोच्या छावणीत १५ जून रोजी दीडशे फटके मारण्यात आले. ११ जुलै रोजी तो मेला. लष्करी डॉक्टरांनी लिहून दिले की, मृत्यू हृदयाच्या व फुप्फुसाच्या दाहाने झाला, फटक्यांचा त्याशी संबंध नाही. गावच्या धर्मोपदेशकाला संशय आला आणि त्याने दफनापूर्वी वेक्लीला कळवले. वेक्लीने इरॅस्मस विल्सन या तज्ज्ञाकडून प्रेताची पुन्हा तपासणी करवली. पाठीच्या कण्यालगतचे स्नायू आतून नासलेले आढळले. ज्युरीने निर्णय दिला की, शिपाई फटक्यांच्या परिणामाने मेला. काही आठवड्यांतच फटक्यांची कमाल संख्या पन्नासावर आणण्यात आली, आणि १८८१ साली सैन्यातील ही शिक्षा संपली.

या प्रकरणाजवळ मी नेहमी थांबतो, कारण त्यातील एक गोष्ट माझ्या रोजच्या कामातली आहे. कारखान्यातील अपघाताच्या भरपाईचा कायदा आपल्याकडे १९२३ साली झाला. बाईला पैसे मिळणार की नाही हे पुष्कळदा एका कागदावरील एका ओळीवर ठरते. ती ओळ म्हणजे मृत्यूचे कारण. काही वर्षांपूर्वी, भट्टीजवळ बारा-बारा तास उभा राहणारा एक कामगार ऐन वैशाखात पाळी चालू असतानाच कोसळला. कागदावर आले, ‘हृदयक्रिया बंद पडून मृत्यू’. मला सांगा, हृदयक्रिया बंद न पडता कोण मेला आहे? ते कारण नव्हे, ते तर मरणाचेच दुसरे नाव. भट्टीची उष्णता किती होती, तो किती तास उभा होता, पाण्याची सोय होती काय, हे त्या कागदाने विचारलेच नव्हते. आम्हांला तेवढे विचारण्यासाठी अडीच वर्षे खेटे घालावे लागले. त्या काळात ती बाई दोन मुले घेऊन माहेरी जाऊन राहिली. लष्करी डॉक्टरांनी व्हाइटच्या बाबतीत लिहिलेली ओळ आणि ही ओळ यांत मला फार अंतर दिसत नाही. दोन्ही ओळी खोट्या आहेत असे म्हणता येत नाही. दोन्ही अर्ध्यावर थांबलेल्या आहेत. वेक्लीचे राजकारण म्हणजे ती ओळ पूर्ण करण्याचा हट्ट.

अन्नातील भेसळीच्या बाबतीतही त्याने हीच रीत चालवली. १८५१ पासून १८५४ पर्यंत ‘लान्सेट’ने डॉ. आर्थर हिल हॅसल यांच्याकडून लंडनच्या दुकानांतील पदार्थ विकत आणवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेतले. कॉफीत चिकोरी, पावात तुरटी, तिखटात शिशाचा शेंदूर, मुलांच्या रंगीत मिठाईत विषारी रंग सापडले. निकाल दुकानदाराच्या नावा-पत्त्यासह छापले, आणि ज्यांचा माल शुद्ध निघाला त्यांचीही नावे छापली. यातूनच इंग्लंडचा भेसळीविरुद्धचा पहिला कायदा १८६० साली झाला आणि १८७५ साली तो अधिक पक्का झाला. स्वतंत्र भारतात असा कायदा १९५४ साली आला आणि २००६ च्या कायद्याने त्याची जागा घेतली. रोग झाल्यावर औषध देणे हे दवाखान्याचे काम. रोग पिठाच्या पोत्यातून घरात येत असेल तर ते पोते अडवणे हे कायद्याचे काम. एकाच माणसाने दोन्हीकडे पाहिले म्हणून त्याला पोत्यापर्यंत पोहोचता आले.

वेक्ली सर्वत्र यशस्वी झाला अशी समजूत मात्र करून घेऊ नये. १८३७ च्या नोव्हेंबरात त्याने मताधिकार वाढवावा व मतदान गुप्त असावे अशी उपसूचना मांडली, तेव्हा सगळ्या सभागृहातून त्याला मिळाली वीस मते. विरुद्ध पडली पाचशे नऊ. वैद्यकाच्या धंद्याची सुधारणा हे त्याचे आयुष्याचे ध्येय. त्यासाठीचा कायदा झाला तो १८५८ साली, म्हणजे त्याने पार्लमेंट सोडल्यानंतर सहा वर्षांनी, आणि तोही त्याला हवा होता त्याहून पुष्कळ पातळ. तरी त्या कायद्याने डॉक्टरांची एक अधिकृत नोंदवही झाली. कोण शिकलेला आणि कोण भोंदू हे सामान्य माणसाला पाहता येऊ लागले. मुंबई इलाख्यात अशा नोंदणीचा कायदा १९१२ साली झाला. आपण दवाखान्याच्या पाटीवर जो नोंदणी क्रमांक पाहतो त्यामागे एवढा इतिहास आहे. तीन-तीन कामे एकदम ओढून वेक्लीची प्रकृती ढासळली. १८५२ साली तो पुन्हा उभा राहिला नाही. छातीच्या विकाराने तो मदेरा बेटावर हवापालटासाठी गेला आणि १६ मे १८६२ रोजी तेथेच वारला. कॉरोनरचे पद मात्र मरेपर्यंत त्याच्याकडे होते.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. डॉक्टरने राजकारणात पडावे काय? आपल्याकडे यावर दोन ठरीव मते ऐकू येतात. एक मत म्हणते, डॉक्टरने रोगी पाहावेत, नसत्या भानगडीत पडू नये. दुसरे म्हणते, सुशिक्षित डॉक्टर राजकारणात आले म्हणजे राजकारण सुधारेल. मला दोन्ही मते अपुरी वाटतात. डॉक्टर ही पदवी नावामागे लावून निवडून येणारे पुष्कळ आहेत. त्यांतले किती जण निवडून आल्यावर आपल्या विद्येचा उपयोग सभागृहात करतात, हे मतदारांनी पाहावे. पदवीमुळे मते मिळतात, पण पदवीमुळे कोणाचे भले होत नाही. वेक्लीने राजकारणात नेली ती पदवी नव्हे, सवय नेली. समोर दुखणे आहे तर त्याचे कारण शोधावयाचे, ते नजरेने पाहावयाचे, लिहून ठेवावयाचे आणि ज्याचे नाव असेल त्याचे नाव घ्यावयाचे, ही ती सवय. शवचिकित्सेच्या टेबलावर ही सवय लावली जाते. पार्लमेंटात ती चालवणे फार कठीण, कारण तेथे नाव घेतले म्हणजे ते बहुधा आपल्या ओळखीच्या माणसाचे निघते.

आणि एक गोष्ट ऐकणाऱ्यांसाठी. वेक्लीला खटल्याचा खर्च लोकांनी वर्गणी काढून दिला. दोनदा पडला तरी फिन्स्बरीच्या लोकांनी तिसऱ्यांदा त्याला मत दिले, तेही सर्वांसमक्ष, मोठ्याने उच्चारून. व्हाइटच्या प्रकरणात एका गावच्या धर्मोपदेशकाने पत्र लिहिले नसते तर चौकशीच झाली नसती. चांगला डॉक्टर राजकारणात टिकतो तो अशा माणसांच्या आधारावर. आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी कधी ना कधी मृत्यूचा दाखला येतो. तो कपाटात ठेवण्यापूर्वी त्यावरील कारणाची ओळ वाचावी, आणि ती अपुरी वाटली तर ‘पुढे काय?’ असे विचारावे. कामगाराच्या बाबतीत तर विचारलेच पाहिजे, कारण तो पुष्कळदा दुसऱ्याच्या कामाने मरतो.